तारण : श्रद्धा आणि सत्कर्मे

पापातून मुक्त होऊन मनुष्याचा ईश्वराशी पुन्हा समेट होणे, यास ख्रिस्ती धर्मशास्त्रात ‘तारण’ म्हणतात. ते येशू ख्रिस्ताद्वारे ईश्वरी कृपेने लाभते, याविषयी प्रमुख ख्रिस्ती पंथांत एकमत आहे. मात्र ते केवळ श्रद्धेने मिळते की त्यासाठी सत्कर्मेही आवश्यक असतात, या प्रश्नावर मतभेद झाले आणि सोळाव्या शतकातील पश्चिमी चर्चच्या फुटीचे ते एक प्रमुख कारण ठरले.

वादाचे मूळ नव्या करारात आढळते. मनुष्य नियमशास्त्रातील कर्मांनी नव्हे, तर श्रद्धेने नीतिमान ठरतो, असे सेंट पॉल रोमकरांस व गलतीकरांस लिहिलेल्या पत्रांत सांगतो. तर याकोबाच्या पत्रात कर्मांवाचून श्रद्धा निर्जीव ठरविली आहे. दोघेही दाखला देतात तो अब्राहमाचाच. तथापि दोघांपुढील प्रश्न भिन्न होते. यहुदीतर ख्रिस्ती लोकांवर सुंतेसारखे नियम लादावेत काय, हा पॉलपुढील प्रश्न होता. याकोबाचा रोख भुकेल्या बांधवाची कोरड्या शब्दांनी बोळवण करणाऱ्यांवर होता. श्रद्धा प्रेमाद्वारे कार्य करते, असे पॉलही म्हणतो.

पाचव्या शतकात पेलेजिअसने मनुष्य स्वतःच्या इच्छाशक्तीने पाप टाळू शकतो, असे प्रतिपादिले. सेंट ऑगस्टीनने (३५४–४३०) त्याचे खंडन करून कृपेची अनिवार्यता मांडली. कार्थेज (४१८) व ऑरेंज (५२९) येथील धर्मपरिषदांनी पेलेजिअसच्या विचारसरणीविरुद्ध निर्णय दिला. श्रद्धेचा आरंभही कृपेनेच होतो, असे ऑरेंज येथे स्पष्ट करण्यात आले.

मार्टिन ल्यूथर (१४८३–१५४६) याला मठातील व्रते व प्रायश्चित्ते यांतून मनःशांती लाभली नाही. आपण पुरेसे पुण्य केले आहे, याची खात्री कोणालाही देता येत नाही, ही त्याची व्यथा होती. पॉलच्या पत्रांत त्याला तिचे उत्तर सापडले. पापविमोचनपत्रांच्या विक्रीविरुद्ध १५१७ मध्ये त्याने आवाज उठविला आणि १५२२ च्या जर्मन भाषांतरात रोमकरांस पत्रातील एका वचनात ‘केवळ’ हा शब्द घातला. त्याने सत्कर्मे त्याज्य मानली नाहीत. झाडाला फळ यावे तशी ती श्रद्धेतून येतात, पण तारणाचे कारण होत नाहीत, असे त्याचे मत होते.

ट्रेंट धर्मपरिषदेने १५४७ मध्ये रोमन कॅथलिक भूमिका निश्चित केली. तीनुसार कृपेवाचून कोणीही नीतिमान ठरत नाही. परंतु नीतिमान ठरणे म्हणजे केवळ निर्दोष घोषित होणे नसून अंतःकरणाचे नूतनीकरण होय. त्यात मनुष्य आपल्या इच्छेने कृपेशी सहकार्य करतो व सत्कर्मांनी ते नीतिमत्त्व वृद्धिंगत होते. पूर्वेकडील ऑर्थोडॉक्स चर्च तारणाकडे ईश्वरी जीवनातील वाढता सहभाग म्हणून पाहते. त्यामुळे तेथे हा वाद अशा स्वरूपात उद्‌भवला नाही.

रोमन कॅथलिक चर्च व जागतिक ल्यूथरन महासंघ यांनी ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी आउग्सबुर्ख येथे संयुक्त घोषणापत्रावर स्वाक्षऱ्या केल्या. मनुष्य स्वतःच्या पुण्याईमुळे नव्हे, तर कृपेनेच स्वीकारला जातो व त्यातून सत्कर्मांस प्रवृत्त होतो, असे त्यात मान्य करण्यात आले. पुढे मेथडिस्ट (२००६) व रिफॉर्म्ड (२०१७) चर्चच्या जागतिक संघटनांनीही त्यास संमती दिली. सत्कर्मांचे पुण्य व तारणाची निश्चिती यांविषयी मतभेद उरले असले, तरी ज्या शिकवणुकीवरून चर्च दुभंगले, तिच्याविषयीची मूलभूत सहमती त्यामुळे प्रस्थापित झाली.