जासूद आणि दवंडी

आश्विनी पौर्णिमेच्या सुमारास सोलापुराहून तुळजापुराकडे, म्हणजे आपल्या धाराशिव जिल्ह्यांत येणारा रस्ता पायीं चालणाऱ्या भाविकांनीं फुलून जातो. वाट सुमारें ४५ किलोमीटरांची, आणि माथ्यावर आश्विनांतील ऊन. कांहीं कोस चालून झाल्यावर कपाळावरून घाम निथळतो, घशाला कोरड पडते, लघवी थोडी व गडद होते. या तीन गोष्टी निरनिराळ्या अवयवांच्या. तरी त्यांचा कारभार एकाच कचेरीतून चालतो. तेथील हुकूम अवयवांना पोंचतात कसे, तें आज पाहूं.

गांवांत निरोप देण्याच्या दोन रीती असत. जासूद ठरलेल्याच घरीं जाई. दवंडी मात्र साऱ्या गांवाला ऐकूं येई, पण ज्याचें काम असे तोच उठे. शरीरांतही ह्याच दोन रीती आहेत. मज्जातंतु हे जासूद. त्यांतील सर्वांत वेगवान तंतु सेकंदाला १०० मीटरांहून अधिक वेगानें निरोप नेतात. ग्रंथींतून रक्तांत उतरणारे रस, म्हणजे हॉर्मोन, ही दवंडी. ती रक्ताबरोबर सर्वत्र फिरते. परंतु ज्या पेशींना तिची खूण पटते, त्याच कामाला लागतात.

हा दुसरा मार्ग १९०२ सालीं लंडनमध्यें बेलिस व स्टार्लिंग यांनीं दाखवून दिला. आंतड्याच्या एका भागाचे मज्जातंतु त्यांनीं तोडले. तरीही तेथें अम्ल घालतांच स्वादुपिंडांतून पाचक रस वाहूं लागला. निरोप रक्तावाटे गेला होता. १९०५ सालीं स्टार्लिंग यांनीं अशा रसांना ‘हॉर्मोन’ हें नांव दिलें.

आतां आपल्या वाटसरूकडे वळूं. मेंदूच्या तळाशीं हायपोथॅलॅमस नांवाचा लहानसा भाग आहे. हीच ती कचेरी. अंग तापलें कीं येथून मज्जातंतूंकरवीं घर्मग्रंथींना हुकूम सुटतो. घामावाटे पाणी गेल्यानें रक्तांतील क्षारांचें प्रमाण वाढतें, तेंही येथेंच कळतें. मग एकीकडे तहान जागी होते, तर दुसरीकडे पीयूषिका ग्रंथींतून व्हॅसोप्रेसिन नांवाची दवंडी निघते. मूत्रपिंडें दिवसाकाठीं सुमारें १८० लिटर द्रव गाळतात व त्यांतील दीडेक लिटरच बाहेर टाकतात. दवंडी ऐकतांच तीं आणखी हात आंखडतात. पुढें वाटसरू पाणी प्याला, कीं तें रक्तांत पुरतें मिसळण्याआधींच घसा व जठर यांचे जासूद वर्दी देतात आणि तहान शमूं लागते.

कारभार असा चोख असला तरी त्याला मर्यादा आहेत. वाढत्या वयाबरोबर तहानेची जाणीव मंदावते. म्हणून साठी उलटलेल्या आम्हां मंडळींनीं उन्हांत तहानेची वाट न पाहतां मधूनमधून पाणी घ्यावें. हृदय वा मूत्रपिंडांचा विकार असलेल्यांनीं त्याचें प्रमाण वैद्यांस विचारावें. चालतां चालतां कोणाचें अंग फार तापलें व बोलणें असंबद्ध झालें, तर कचेरीच डळमळली असें समजावें. त्यास सावलींत नेऊन अंग पाण्यानें गार करावें व विनाविलंब रुग्णालयांत पोंचवावें. शुद्धीवर नसलेल्याच्या तोंडांत पाणी ओतूं नये. आंतला जासूद थकला, म्हणजे हांक देण्याचें काम सोबत चालणाऱ्याचें असतें.