शिक्षा, चेष्टा आणि एक पत्र

बोलण्यात झालेली चूक समोरच्या माणसाच्या चेहऱ्यावर तत्काळ उमटते आणि आपण ती तेथल्या तेथे सावरून घेतो. पत्राला ही सोय नाही. पत्र वाचले जाते तेव्हा लिहिणारा शेकडो कोस दूर असतो, आणि वाचणाऱ्याला जो अर्थ कळेल तोच त्या वेळी खरा ठरतो. लेखनाविषयीचे हे पहिले सत्य आम्ही तीस वर्षे वर्गात सांगत आलो. परंतु त्याची पुरती प्रचीती आम्हांस आली ती आमच्या गल्लीतील एका सोयरिकीच्या निमित्ताने.

येथे इंदुरात आमच्या शेजारच्या घरची मुलगी साताऱ्याकडील एका घराण्यात देण्याचे ठरत आले होते. फोनवर बोलणी झाली होती. तरी ठरलेले सारे एकदा कागदावर यावे, अशी तिकडील वडीलधाऱ्यांची इच्छा होती. मुलीच्या वडिलांचा हात थरथरतो, म्हणून पत्र लिहिण्याचे काम धाकट्या मुलाकडे आले. मुलगा हुशार, घरी अस्खलित मराठी बोलणारा. शिक्षण मात्र सारे हिंदीतून, आणि तेही आमच्याच शाळेत.

पत्र गेले. तीन आठवडे उत्तर नाही. फोन केला, तर ‘सध्या गडबडीत आहोत, सवडीने बोलू’ एवढेच कोरडे उत्तर. घरात कोणी मोठ्याने बोलेना. आपल्यातच काही उणे असावे, असे त्या मुलीच्या मनाने घेतले. अखेर तिचे वडील पत्राचा खर्डा घेऊन आमच्याकडे आले.

खर्डा वाचून हसावे की रडावे, हे आम्हांस कळेना. आरंभी नुसते ‘नमस्ते’. पुढे एक वाक्य होते, ‘ताई ला आम्ही लहानपणापासून चांगली शिक्षा दिली आहे.’ आणि शेवटी, ‘आपण सुचविलेला माघातला मुहूर्त साधण्याची आम्ही चेष्टा करू.’ हिंदीत शिक्षा म्हणजे शिक्षण आणि चेष्टा म्हणजे प्रयत्न. मुलाच्या मनात तेच होते. साताऱ्याच्या लोकांनी मात्र काय वाचले? मुलगी लहानपणापासून मार खात वाढली आहे, आणि मुहूर्ताची हे लोक थट्टा करणार आहेत!

दोष मुलाचा नव्हता. हाच मुलगा शाळेत असताना ‘सेवा में’पासून ‘आज्ञाकारी शिष्य’पर्यंतचे हिंदी प्रार्थनापत्र बिनचूक लिहीत असे, आणि ते आम्हीच त्याला शिकविले होते. घरच्या भाषेत चार ओळी लिहिण्यास मात्र आम्ही त्याला कधी बसविले नाही. शाळा हिंदीची होती, हे खरे. पण आम्ही केवळ शाळेचे नव्हतो, त्याच गल्लीचेही होतो. तेव्हा दुसरे पत्र आम्ही लिहून दिले नाही. मुलाला समोर बसविले आणि त्याच्याच हातून लिहविले. त्या सायंकाळी जे त्याला सांगितले, तेच येथे मांडतो.

पहिली गोष्ट मायना. हा निव्वळ उपचार नव्हे. आपण कोण आणि आपण ज्यास लिहितो तो आपला कोण, हे त्यातून ठरते. आईवडिलांस ‘तीर्थरूप’, इतर वडीलधाऱ्यांस ‘तीर्थस्वरूप’, लहानांस ‘चिरंजीव’ व आशीर्वाद, बरोबरीच्या गृहस्थास ‘श्रीयुत’ आणि ‘सा. न. वि. वि.’, म्हणजे साष्टांग नमस्कार विनंती विशेष. यातील ‘विशेष’ या शब्दाशी नमस्कार संपतो आणि कामाचा मजकूर सुरू होतो. मायना चुकला तर पुढले सारे वाकड्या नजरेने वाचले जाते. चांगदेवांची कथा सर्वांस ठाऊक आहे. ज्ञानेश्वर वयाने लहान, पण अधिकाराने थोर. त्यांस नमस्कार लिहावा की आशीर्वाद, याचा निर्णय होईना, म्हणून त्या योगिराजांनी कोराच कागद धाडला, असे परंपरा सांगते. त्या कोऱ्या कागदाचे उत्तर म्हणजे ६५ ओव्यांची ‘चांगदेवपासष्टी’. आपल्या कोऱ्या कागदास असे उत्तर मिळण्याचा संभव नाही. म्हणून आपण मायना शिकलेला बरा.

दुसरी गोष्ट शब्दांची. परप्रांतात पिढ्यान् पिढ्या राहिलेल्या आपल्या घरांतून तेथील भाषेचे शब्द मराठीचा वेष घालून वावरतात. लिपी एकच असल्यामुळे माळव्यात, ग्वाल्हेरीस हा धोका अधिक. पण बडोद्यास गुजराती, बेळगावास कन्नड, हैदराबादेस उर्दू व तेलुगू हेच काम करतात. हिंदीतला ‘संसार’ म्हणजे जग, आपला म्हणजे प्रपंच. हिंदीत ‘आपत्ति’ म्हणजे हरकत, मराठीत आपत्ती म्हणजे संकट. येथील कचेरीत ‘राजीनामा’ म्हणजे तडजोड, तर मराठीत नोकरी सोडल्याचा कागद. यास्तव पत्र लिहून झाले की प्रत्येक मोठ्या शब्दापाशी थांबून स्वतःस विचारावे : हा शब्द आजीच्या तोंडी कोणत्या अर्थाने ऐकला होता?

तिसरी गोष्ट अक्षरांची. मराठीत विभक्तीचा प्रत्यय शब्दास जोडून लिहितात आणि त्यापूर्वी शब्दाचे रूपही बहुधा बदलते. ‘ताई ला’ नव्हे, ‘ताईला’. ‘घर मध्ये’ नव्हे, ‘घरामध्ये’. हिंदीतले कवि व गुरु मराठीत ‘कवी’ व ‘गुरू’ असे दीर्घान्त लिहावयाचे. ‘ळ’ तर हिंदीच्या पुस्तकात दिसतच नाही; म्हणून आमची मुले ‘वेळ नाही’ असे लिहिण्याऐवजी ‘वेल नाही’ असे लिहितात, आणि वाचणारा अंगणात वेल शोधू लागतो. एका अक्षराने काय होते? १७७३ साली शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. पत्रातील ‘धरावे’चे कोणी ‘मारावे’ केले, असे लोक आजवर सांगत आले. इतिहासकार त्या कथेविषयी काहीही म्हणोत, ‘ध चा मा’ हा वाक्प्रचार मराठीत कायमचा रुजला, तो अक्षराचे मोल समाजाने ओळखले म्हणूनच.

चौथी गोष्ट शेवटाची. वडील मंडळींस नमस्कार, लहानांस आशीर्वाद, ‘लोभ असावा ही विनंती’. आणि राहून गेलेले काही असल्यास ता. क., म्हणजे ताजा कलम. मग पत्ता. त्याखालचा सहा आकडी पिन अनेकजण आळसाने गाळतात. एकाच नावाची गावे देशात अनेक आहेत, म्हणून १५ ऑगस्ट १९७२ पासून ही योजना सुरू झाली. तिचे जनक श्रीराम भिकाजी वेलणकर हे मराठी गृहस्थ आणि संस्कृतचे कवी होते. महाराष्ट्र, गोवा व मध्य प्रदेश या तिन्हींच्या पिनचा पहिला आकडा ४ आहे. निदान टपालखात्याने तरी इंदूर आणि सातारा एकाच घरात ठेविले, असे आम्ही म्हणालो, तेव्हा तो मुलगा त्या सायंकाळी प्रथमच हसला.

पत्र तयार झाल्यावर आम्ही त्यास ते मोठ्याने वाचावयास लावले. दोन ठिकाणी तो स्वतःच अडखळला आणि स्वतःच दुरुस्ती केली. आधीच्या पत्रातील दोन शब्दांचा खुलासा त्याने आडपडदा न ठेवता केला. ‘ही माझी चूक आहे, माझ्या बहिणीची नव्हे,’ हे वाक्य त्याचे स्वतःचे होते.

आठव्या दिवशी उत्तर आले. मायना यथास्थित, मजकूर मोजका, माघातला मुहूर्त मान्य. आणि सहीच्या खाली वराच्या आजोबांचा ताजा कलम : ‘मुलीस आमच्या घरी कोणतीही शिक्षा होणार नाही, याची खात्री असावी. चेष्टा मात्र होईल.’ पत्र वाचून मुलीच्या वडिलांनी डोळे पुसले. लग्न माघात झाले.

वाचकहो, होळकरांच्या दरबाराचा पत्रव्यवहार एके काळी मोडी लिपीतील मराठीत चाले. आज आपल्या घरांत मराठी मुखी आहे, पण हातातून निसटते आहे. भ्रमणध्वनीवरील दोन शब्दांच्या निरोपाने रोजचे काम भागते. सोयरिकीचे, सांत्वनाचे, क्षमेचे भागत नाही. म्हणून एक विनंती. रविवारी मुलांच्या हाती एक पोस्टकार्ड द्यावे आणि गावाकडच्या मामास, आत्यास चार ओळी त्यांच्याकडून लिहवाव्यात. चुका होतील, त्या आपण शेजारी बसून दुरुस्त कराव्यात. आम्ही आमच्या गल्लीत हा उपक्रम सुरू केला आहे; उशिरा केला, याची खंत आहे.

कळावे, लोभ असावा ही विनंती.