३८ कोटींची यशोदा आणि वऱ्हाडातल्या भिंती

राजा रविवर्मा यांची ‘यशोदा आणि कृष्ण’ मुंबईच्या पंडोल लिलावगृहात एप्रिल २०२३ मध्ये ३८ कोटी रुपयांना गेली, ही बातमी वाचकांच्या नजरेखालून गेलीच असेल. आमच्या खामगावाकडे तिचे स्वागत ‘एका चित्राला एवढे पैसे?’ या एकाच प्रश्नाने झाले. प्रश्न रास्त आहे. परंतु त्याचे उत्तर केवळ धनिकांच्या हौसेत शोधणाऱ्यास ते अर्धेच सापडेल, कारण ज्या आवडीच्या बळावर ही बोली चढली ती आवड घडविण्यात वऱ्हाडातल्या मातीच्या भिंतींचाही वाटा आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

आधी व्यवहाराची बाजू पाहू. कापसाच्या हर्रासात व्यापारी सरकीवरचा तंतू बोटांनी ओढून त्याची लांबी पाहतो आणि मगच भाव बोलतो; चित्राच्या लिलावात त्या तंतूची जागा मालकीच्या परंपरेने घेतलेली असते, म्हणजे चित्र कोणासाठी काढले, कोणत्या घराण्यात राहिले, कोणाकडून कोणाकडे गेले आणि त्याचे दस्तऐवज काय आहेत. रविवर्म्यांच्या बाबतीत अशी निर्वेध चित्रे बाजारात क्वचितच उतरतात, कारण त्यांची कितीतरी उत्तम कामे बडोदे, म्हैसूर आणि त्रावणकोर येथील राजसंग्रहांत स्थिरावली आहेत. त्यात १९७२ च्या पुरावस्तू व कलानिधी कायद्याखाली १९७९ साली त्यांच्या कृती राष्ट्रीय कलानिधी ठरल्या, त्यामुळे देशात असलेले त्यांचे चित्र विकत घेऊन परदेशी नेता येत नाही. परदेशी धनाढ्यांना अशा बोलीत फारसे स्वारस्य उरत नाही. तरीही २०२२ साली ‘द्रौपदी वस्त्रहरण’ सुमारे २१ कोटींना गेले आणि पुढच्याच वर्षी यशोदेने त्यालाही मागे टाकले.

तुलनेसाठी रविवर्म्यांच्याच काळातला फ्रान्समधला चित्रकार विल्यम-आदोल्फ बूगरो (१८२५–१९०५) घ्या. पॅरिसच्या अकादमीचा हा मानकरी हयात असता त्याच्या चित्रांवर अमेरिकी लक्षाधीशांच्या उड्या पडत. तो गेल्यावर नव्या कलापंथांनी त्याला असे काही धिक्कारले की त्याची चित्रे कित्येक दशके अडगळीत पडली, आणि विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्याचे दिवस पुन्हा पालटू लागले. तरीही २०१९ साली न्यूयॉर्कच्या सदबीज लिलावगृहात त्याचे ‘बाकसचे तारुण्य’ हे सुमारे वीस फूट रुंदीचे चित्र अडीच ते साडेतीन कोटी डॉलरांच्या अपेक्षेने मांडले असता विकले गेले नाही. रविवर्म्यांनाही भगिनी निवेदिता आणि आनंद कुमारस्वामी यांच्यासारख्यांची कठोर टीका सोसावी लागली. तथापि बूगरोची कीर्ती ज्या अर्थाने रसिकांच्या मर्जीवर अवलंबून राहिली त्या अर्थाने रविवर्म्यांची कधीच राहिली नाही, कारण विद्वान नाक मुरडीत होते त्या काळातही त्यांची लक्ष्मी आणि सरस्वती घरोघर पूजेला लागलेल्या होत्या.

याचे श्रेय एका मराठी भाषक दिवाणाकडेही जाते. त्रावणकोर आणि बडोदे या दोन्ही संस्थानांची दिवाणगिरी केलेले, तंजावरकडच्या मराठी घराण्यातले सर टी. माधवराव यांनी १८८४ च्या सुमारास रविवर्म्यांना आपल्या चित्रांच्या छापील प्रती काढविण्याचा सल्ला दिला. दहा वर्षांनी, १८९४ साली, मुंबईत गिरगावात छापखाना उभा राहिला आणि त्यातून ‘शकुंतलाजन्म’ बाहेर पडले. पुढे प्लेगच्या दिवसांत कारखाना आधी घाटकोपरला आणि तेथून लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. धुंडिराज गोविंद फाळके यांनीही तेथे काम केले. प्रत्येक रंगाची स्वतंत्र शिळा, प्रत्येक शिळेचा स्वतंत्र ठसा आणि शेवटी तैलरंगाचा भास आणणारे रोगण, अशा परिश्रमाने निघालेला तो कागद गावोगाव पोचला.

मेहकरच्या एका जुन्या वाड्यातील देवघरात अशी एक लक्ष्मी मी न्याहाळली आहे. काच केव्हाच फुटून गेलेली. साडीच्या काठावर घरच्या बायकांनी खरी जर आणि टिकल्या चिकटविलेल्या. समईच्या काजळीने आकाश करडे पडलेले, आणि पावलांपाशी हळदकुंकवाच्या बोटांनी कागदाचा पापुद्रा झिजून आतला पांढरा तंतू उघडा पडलेला. डोळा अगदी जवळ नेला तेव्हा गालांवरची गुलाबी झाक सलग नसून बारीक ठिपक्यांची आहे हे ध्यानात आले, आणि ते ठिपके शिळेवर हाताने टिंबीत बसलेल्या निनावी कारागिराची चिकाटी पाहून मन भरून आले. लिलावगृहाच्या सूचीत या कारागिराला जागा नाही. पण आज कोट्यवधींची बोली बोलणाऱ्यांपैकी कित्येकांनी लहानपणी आजीच्या देवघरात जे रूप प्रथम पाहिले ते याच्याच हातचे असणार.

हा ठेवा आता झपाट्याने नामशेष होत आहे. मळवलीचा छापखाना १९७२ साली आगीत गेला. उरलेल्या प्रती वाड्यांच्या लाकडाबरोबर भंगारात तरी जातात किंवा जुन्या वस्तूंचे फिरते दलाल त्या किरकोळ पैशांत नेतात. अशा प्रसंगी नोंदीचे मोल काय असते हे आमच्या मुलखाने अनुभवले आहे. रॉबर्ट गिल या लष्करी अधिकाऱ्याने १८४४ पासून शेजारच्या अजिंठ्याच्या लेण्यांत वर्षानुवर्षे खपून तैलरंगात ज्या प्रतिकृती केल्या, त्यांतील बहुतेक १८६६ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधील आगीत भस्मसात झाल्या. परंतु त्यानेच टिपलेली लोणारच्या मंदिरांची छायाचित्रे ब्रिटिश लायब्ररीच्या दप्तरी सुखरूप आहेत, आणि दीडशे वर्षांपूर्वी ती देवळे कशी होती हे सांगणारा तो अमोल पुरावा ठरला आहे.

म्हणून माझी मागणी साधी आहे. जिल्ह्यातील सार्वजनिक वाचनालयांनी तालुकावार एक नोंदवही घालावी. प्रत्येक जुन्या चित्राचे दर्शनी, पाठीमागचे आणि छापखान्याचे नाव असलेल्या समासाचे छायाचित्र घ्यावे. ते कोणी, केव्हा आणि कोणत्या यात्रेतून किंवा दुकानातून आणले हे घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून लिहून ठेवावे, आणि चित्र मात्र ज्याच्या देवघरातले त्याच्याच देवघरात राहू द्यावे. चिखली, मेहकर आणि देऊळगाव राजा येथील मंडळींनी शाळेच्या मुलांना हाताशी धरून हे काम उन्हाळ्यात हाती घ्यावे, कारण पावसाळ्यापूर्वी जुने वाडे उतरविण्याचा हंगामही हाच असतो.