‘चले जाव’च्या वर्षी वर्ध्यात उतरलेले परदेशी

लुई फिशर हे अमेरिकन पत्रकार जून १९४२ मध्ये वर्धा स्टेशनवर उतरले, तेव्हा युद्ध भारताच्या दाराशी येऊन ठेपलं होतं. रंगून मार्चमध्येच जपानच्या हाती गेलं होतं. ६ एप्रिलला विशाखापट्टणम आणि काकीनाडा इथे बॉम्ब पडले होते. ब्रिटिश सरकारतर्फे आलेल्या स्टॅफर्ड क्रिप्स यांच्या वाटाघाटी त्याच महिन्यात फिसकटल्या होत्या. वर्ध्यापासून आठेक किलोमीटरवर, सेवाग्रामच्या मातीच्या कुटीत बसून गांधीजी ‘हरिजन’मधून लिहीत होते, की इंग्रजांनी आता हा देश सोडावा.

त्या काळात इथे आलेल्या गोऱ्या माणसांबद्दल आज दोन उलट टोकांच्या समजुती ऐकू येतात. एक अशी, की त्या वर्षी गोरी कातडी दिसली की लोक अंगावर धावून जात. दुसरी अशी, की ही मंडळी युद्धाला कंटाळून शांततेच्या शोधात आलेली, बापूंची भक्तमंडळी होती. कागदपत्रं आणि त्या माणसांची चरित्रं पाहिली, की दोन्ही समजुती डळमळतात.

पहिल्या समजुतीचं उत्तर वर्ध्यातच लिहिलं गेलं आहे. १४ जुलै १९४२ रोजी काँग्रेस कार्यकारिणीने इथे जो ठराव केला, तोच पुढे ८ ऑगस्टच्या मुंबईच्या ‘चले जाव’ ठरावाचा पाया ठरला. पाठ्यपुस्तकात त्यातली सत्ता सोडण्याची मागणी तेवढी येते. पण इंग्रजी राज्य जावं याचा अर्थ प्रत्येक इंग्रज माणसाने बोट पकडावी असा नाही, हेही त्यात स्पष्ट नोंदवलं आहे. ज्यांना हा देश आपला मानून इथले नागरिक म्हणून, बरोबरीच्या नात्याने राहायचं आहे, त्यांना तर मुळीच जायला सांगितलेलं नाही. संघर्ष ऐन पेटायच्या बेतात असताना, तुरुंग समोर दिसत असताना ही तरतूद घातली गेली, म्हणून मला ती फार मोलाची वाटते. राग कोणावर धरायचा आणि कोणावर नाही, हे त्यांनी आधीच ठरवून ठेवलं होतं.

त्याच ठरावात आणखी एक कलम आहे. जपानी आक्रमण रोखण्यासाठी दोस्तराष्ट्रांच्या फौजा भारतात राहिल्या तर स्वतंत्र भारताची त्याला हरकत नसेल, असं ते सांगतं. गांधीजींच्या सुरुवातीच्या लिखाणात हा मुद्दा सुटलेला होता. भेटायला येणाऱ्यांनी, विशेषतः परदेशी पत्रकारांनी, तो पुन्हा पुन्हा उकरून काढला आणि गांधीजींनी ती उणीव मान्य करून भरून काढली. तेव्हा गांधीजी जपानला वाट मोकळी करून द्यायला निघाले होते, हाही एक गैरसमजच.

इथेच दुसरी समजूतही उलगडते. फिशर भक्त नव्हते. मॉस्कोत त्यांनी अनेक वर्षं पत्रकारिता केली होती. स्पेनच्या यादवी युद्धात ते काही काळ आंतरराष्ट्रीय ब्रिगेडमध्ये होते. अशांत मुलखात पाऊल ठेवणं त्यांना नवं नव्हतं. सेवाग्रामात ते आठवडाभर राहिले ते प्रश्न विचारायला: फौजांचं काय, जपानचं काय, मुस्लिम लीगचं काय. गांधीजी त्यांना रोज ठरलेला वेळ देत आणि अडचणीचे प्रश्न टाळत नसत. पुढे १ जुलैला गांधीजींनी अध्यक्ष रूझवेल्टना लिहिलेलं पत्र फिशर यांच्याच हाती गेलं. त्यांच्याआधी, डिसेंबर १९३९ मध्ये, स्टॅफर्ड क्रिप्सही वर्ध्याला येऊन गेले होते, तेव्हा खाजगी प्रवासी म्हणून. आश्रमात येणाऱ्या परदेशी माणसाने खादी नेसून डोळे मिटून बसायचं, असं चित्र रंगवलं की या माणसांचं खरं काम झाकलं जातं.

आश्रम जगापासून तुटलेला होता हेही खरं नाही. सेवाग्रामात आजही टेलिफोनची छोटी खोली दाखवतात. व्हाइसरॉय लिनलिथगो यांना गांधीजींशी संपर्क ठेवता यावा म्हणून तो फोन बसवला होता. शेणाने सारवलेल्या आश्रमातून दिल्लीशी बोलता येत होतं.

मग धोका नव्हताच का? होता, पण बाहेरून येणाऱ्याला वाटे त्या जागी सहसा नसे.

सगळ्यात आधी गाठायचं ते वर्ध्याचं ऊन. मृगाचा पाऊस येईपर्यंत इथे जीव कासावीस होतो, हे विदर्भातल्या माणसाला सांगायला नको. फिशर यांनी त्यावर केलेला उपाय त्यांनीच लिहून ठेवला आहे: पाण्याने भरलेल्या टबात खोकं ठेवून त्यावर बसायचं, टाइपरायटर शेजारच्या खोक्यावर, आणि तसंच काम करायचं. पण उन्हापेक्षा वाईट होता ताप. इंग्रज आरमारी अधिकाऱ्याची मुलगी मॅडेलिन स्लेड, म्हणजे मीराबेन, १९३६ मध्ये सेवाग्रामला राहायला आल्या. गाव तेव्हा शेगाव म्हणून ओळखलं जाई. त्याच वर्षी गांधीजींना हिवताप झाला आणि मीराबेनना टायफॉइड. लंडनहून १९३२ मध्ये भारतात आलेल्या कॅथरिन हाइलमन, म्हणजे सरलाबेन, वर्ध्यात शिक्षणाचं काम करत होत्या. मलेरियाने त्यांना इतकं पोखरलं, की त्यांना कुमाऊंच्या डोंगरात कौसानीकडे जावं लागलं. डास आणि गढूळ पाणी हाच इथला रोजचा शत्रू होता. डॉक्टर सुशीला नायर यांनी सेवाग्रामात कॉलऱ्याच्या साथीशी सामना केला, दवाखाना उभा केला, त्यातूनच पुढे कस्तुरबा रुग्णालय वाढलं.

दुसरा धोका होता सरकारचा. गोऱ्या माणसाला इंग्रजी राज्यात सगळी दारं उघडी असत, ही समजूत फार पक्की आहे. पण हा गोरा माणूस गांधींकडे निघाला, की चौकशी सुरू होई. परदेशी मिशनऱ्यांकडून राजकारणात पडणार नाही अशी हमी घेतली जाई. १९३२ मध्ये इंग्लंडहून परतू पाहणारे इंग्रज धर्मोपदेशक व्हेरिअर एल्विन यांनाही अशी हमी द्यावी लागली, तेव्हाच त्यांना भारतात येता आलं. मंडला भागातल्या गोंडांमध्ये जाऊन काम करा, असं त्यांना सुचवणारे वर्ध्याचेच जमनालाल बजाज होते. मीराबेनना ९ ऑगस्ट १९४२ च्या पहाटे मुंबईत गांधीजींबरोबरच अटक झाली. सरलाबेनही त्या आंदोलनात तुरुंगात गेल्या.

सगळ्यांत मोठा फरक पडे तो पासपोर्टवरच्या देशाचा. निचिदात्सु फुजी हे जपानी बौद्ध भिक्षू १९३३ मध्ये वर्ध्याला येऊन गांधीजींना भेटले होते. त्यांच्या संघातला एक भिक्षू सेवाग्रामात राहून आश्रमाच्या कामात मिसळून गेला होता. जपान युद्धात उतरताच पोलीस त्याला घेऊन गेले. त्याने कोणाचं काही वाकडं केलं नव्हतं. सेवाग्रामच्या प्रार्थनेची सुरुवात जपानी बौद्ध मंत्राने होते, ती त्याच्यामुळे.

आता एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायलाच हवी. कार्यकारिणीचा ठराव प्रत्येक गावातल्या प्रत्येक हाताला आवरू शकला नाही. नेते आत गेल्यावर ऑगस्टमध्ये जे पेटलं त्यात बिहारमधल्या फतुहा स्टेशनवर जमावाने हवाई दलाच्या दोन अधिकाऱ्यांना ठार मारलं. वर्धा जिल्ह्यातल्या आष्टीत १६ ऑगस्टला पोलीस ठाण्यावर तिरंगा लावायला गेलेल्या लोकांवर गोळीबार झाला आणि आंदोलक व पोलीस दोन्हीकडचे बळी गेले. मात्र आष्टीत समोरासमोर उभे होते ते सगळे इथलेच, एक बाजू गणवेशातली, एक धोतरातली. ‘गोरे विरुद्ध काळे’ अशी त्या दिवसाची मांडणी केली तर आष्टीच्या हुतात्म्यांवरही अन्याय होतो.

त्याच वर्षी काही इंग्रज उलट भारतात येत होते. होरेस अलेक्झांडर आणि रिचर्ड सिमंड्स हे फ्रेंड्स ॲम्ब्युलन्स युनिट या क्वेकर पंथीयांच्या मदत संस्थेचे कार्यकर्ते हवाई हल्ल्यातल्या जखमींना मदत करायला आले, ते सेवाग्रामात गांधीजींना भेटले आणि मग बंगालमध्ये, वादळ आणि दुष्काळाच्या मदतकार्यात त्यांचं युनिट राबलं.

आलेले सगळे इथलेच होऊन गेले, असंही सांगितलं जातं. ते तसं नाही. फिशर आठवड्यात परतले, कारण ते बातमीसाठी आले होते. मार्जरी साइक्स १९२८ मध्ये मद्रासला शिक्षिका म्हणून आल्या आणि स्वातंत्र्यानंतर सेवाग्रामात नई तालीम या गांधीजींच्या शिक्षणपद्धतीच्या शिक्षकांना घडवत राहिल्या. सरलाबेन अखेरपर्यंत कुमाऊंमध्ये राहिल्या. आणि मीराबेन, ज्यांनी बापूकुटीच्या मातीच्या भिंतींवर स्वतःच्या हाताने चरखा आणि शिंदीची झाडं उठवली, त्या १९५९ मध्ये भारत सोडून युरोपात गेल्या आणि ऑस्ट्रियात स्थायिक झाल्या.