थंड समुद्रातल्या मासेमारीसाठी छोटी केबिन बोट घेताय?

सिअ‍ॅटलजवळच्या प्युजेट साउंडमध्ये सॅमनसाठी बोट घ्यायची असेल, तर आधी पाण्याचा विचार करा. भर उन्हाळ्यातही ते बहुतेक ठिकाणी १५ अंशांच्या आतच असतं. पाण्यात पडल्यावर पहिल्याच मिनिटात श्वास ताब्यात राहत नाही आणि थोड्याच वेळात हातपाय साथ सोडतात. त्यामुळे वेग नंतर बघा. आधी कठडा गुडघ्याच्या वर येतो का, पाण्यातून वर चढायला शिडी आहे का, ते तपासा. आणि लाइफ जॅकेट अंगावरच हवं!

केबिनला हीटर हवाच, पण धूर बाहेर सोडणारा डिझेल हीटर घ्या. उघड्या ज्योतीच्या गॅस हीटरने हवेत ओल वाढते, काचांवर आतून थेंब जमतात आणि समोर तरंगणारा ओंडका दिसत नाही. कार्बन मोनॉक्साइडचा धोका वेगळाच.

मला २२ फुटी सी-डोरी ही केबिन बोट फार आवडते. हलकी आहे, ट्रेलरवर सहज नेता येते, इंधनही कमी लागतं. मात्र मागचा तळ जवळजवळ सपाट असल्याने लाटांवर आपटते. तिथे वेग कमी करावाच लागतो. मुख्य इंजिनाशेजारी छोटं दुसरं इंजिन जरूर बसवा. सॅमनसाठी गळ ओढत संथ जायला तेच बरं पडतं, आणि मोठं बंद पडलं तर किनाराही तेच गाठून देतं.