चाफ्याच्या पानामागची हळद

गंगाखेडला गोदाकाठच्या एका देवळातला चाफा यंदा तोडायचं चाललं होतं. पानं पिवळी पडून भराभर गळतात, म्हणजे झाड गेलं, असा हिशोब. मी एक पान उलटं केलं. मागे नारिंगी पुटकुळ्या. बोट फिरवलं तर हळदीसारखी भुकटी लागली. तुमच्या दारचा चाफा असाच दिसत असेल, तर कुऱ्हाड जरा थांबवा.

हा तांबेरा आहे. गव्हावर, सोयाबीनवर येतो त्याच्या नात्यातला, पण ही बुरशी वेगळी: कोलिओस्पोरियम प्लुमेरी. १९०२ साली पातुयार या फ्रेंच शास्त्रज्ञाने तिला नाव दिलं. ती फक्त चाफ्यावर जगते, त्यामुळे शेजारच्या गव्हाला हिचा धोका नाही. (आपल्या देवाला चालणारा हा चाफाही मूळचा अमेरिका खंडातलाच बरं का!)

भुकटी म्हणजे बुरशीचे बीजाणू. वाऱ्याने उडतात, ओल्या पानावर पडले की रुजतात आणि काही दिवसांत तिथूनच नवी भुकटी. म्हणून पावसाळ्यात जोर. पण या बुरशीला जिवंत पान लागतं. वाळलेल्या पानावर ती वाढू शकत नाही. आणि आपला चाफा हिवाळ्यात बहुधा निष्पर्ण होतो. ती पानगळ नैसर्गिक आहे, आणि रोगाची साखळी तुटायची संधीही तीच. अडचण कुठे होते? नळापाशी, टाकीखाली एखाद्या झाडावर चार हिरवी पानं तशीच राहतात आणि त्यांच्यावरून रोग पुढच्या पावसाळ्यात येतो.

म्हणून ती पानं काढायची. पावसाळ्यात रोगट पानं वारा नसताना तोडून पोत्यात भरा आणि पुरा. झाडाखाली ढीग नको. पाणी बुंध्याला द्या, पाइपने पानं धुऊ नका. गर्दी झालेल्या फांद्या विरळ करा. लावायला फांदी आणाल तर पानं उतरवून आणा, नाहीतर रोगही सोबत येतो.

फवारणीचं विचाराल, तर मॅन्कोझेबसारखं बुरशीनाशक निरोगी पान वाचवतं, आत शिरलेली बुरशी बाहेर काढत नाही. त्यामुळे मारायचंच असेल तर सुरुवातीलाच, पानाच्या मागच्या बाजूने, लेबलवरच्या मात्रेत. देवळातली फुलं लोक हातात घेतात, वास घेतात. तिथे मी तरी औषध मारणार नाही.

देवळातला चाफा सध्या उभा आहे. टाकीपाशी त्याचंच एक लहान झाड आहे. मार्चमध्ये त्याची उरलेली पानं काढायला जायचंय.