सीएची चौकशी : कागद दाखवायला कोण भाग पाडणार?

बेळगाव : पतसंस्थेचा ताळेबंद दरवर्षी छान दिसतो, खाली सीएची सही असते आणि एक दिवस ठेवी परत मिळेनाशा होतात. सभासद ऑडिटरकडे बोट दाखवतात. पण पुरावा? बँक स्टेटमेंट, ऑडिटच्या फायली, संस्थेची खतावणी यातलं काहीच ठेवीदाराच्या हातात नसतं. मग ‘कागदाशिवाय तक्रार कशी टिकणार?’ असं म्हणून माणूस गप्प बसतो.

कायद्यात यावर उपाय आहे. चार्टर्ड अकाउंटंट्स कायदा १९४९ चा. त्यात २००६ च्या दुरुस्तीने कलम २१-सी आलं.

अधिकार काय?

चौकशीपुरते दिवाणी न्यायालयाचे तीन अधिकार आयसीएआयचे संचालक (शिस्त), शिस्त मंडळ आणि शिस्तपालन समिती यांना आहेत. कोणालाही समन्स काढून हजर करायचं आणि शपथेवर जबाब घ्यायचा. कागदपत्रं सादर करायला लावायची. प्रतिज्ञापत्रावर पुरावा घ्यायचा. ‘कोणालाही’ हा शब्द महत्त्वाचा. म्हणजे समन्स फक्त सीएलाच निघतं असं नाही.

‘क्लायंटची माहिती गोपनीय आहे’ ही सबबही इथे चालत नाही. कायद्यानुसार द्यावी लागणारी माहिती गोपनीयतेच्या नियमातून वगळलेली आहे. उलट मागितलेली माहिती सीएने दिली नाही, तर तेच स्वतंत्र गैरवर्तन ठरतं.

तक्रार कशी?

२००७ च्या नियमांप्रमाणे फॉर्म १ भरून तक्रार करता येते. सीए बेळगावचा, पणजीचा की इंदूरचा, याने फरक पडत नाही. अमेरिकेत प्रत्येक राज्याचं लायसन्स बोर्ड वेगळं असतं आणि समन्स काढण्याचे अधिकारही त्या त्या राज्याच्या कायद्यातून येतात. आपल्याकडे सगळ्या देशाला संस्था एकच.

तक्रारीत नुसता संशय नको. कोणत्या वर्षाचा ताळेबंद, कोणती नोंद, कागद कोणाकडे आहे, हे नेमकं लिहिलं तर तोच कागद मागवता येतो. उशीरही नको. प्रकरण सात वर्षांहून जुनं असेल आणि पुरावा मिळणं कठीण असेल, तर तक्रार न घेण्याची मुभा संचालकांना आहे. एकदा दिलेली तक्रार आपसात मिटवून परस्पर मागे घेता येत नाही. त्याला शिस्त मंडळाची परवानगी लागते.

मर्यादा कुठे?

छापा टाकून कपाट उघडण्याचा अधिकार या कलमात नाही. दोष सिद्ध झाला तर ताकीद, दंड किंवा नोंदवहीतून नाव काढणं अशी शिक्षा होते. बुडालेली ठेव मात्र यातून परत मिळत नाही. त्यासाठी पोलीस, सहकार खातं किंवा न्यायालय हाच रस्ता. शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्यांच्या ऑडिटरांवर २०१८ पासून एनएफआरए हे वेगळं प्राधिकरण नजर ठेवतं. त्यालाही समन्सचे असेच अधिकार आहेत.

थोडक्यात, हातात फाइल नाही म्हणून तक्रार अडत नाही. फाइल कोणाकडे आहे, एवढं मात्र सांगता आलं पाहिजे.